टर्बो व्हेंटिलेटर : ग्वाल्हेरच्या थंडीत पोटमाळ्याची ओल आवरते का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर पत्र्याचे छप्पर असून, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी ठिबकत असे आणि तुळयांना बुरशी धरत असे. त्यावर उपाय म्हणून आम्ही छपरावर वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर ओढणारा २४ इंची टर्बो व्हेंटिलेटर बसवून घेतला. त्याला वीज लागत नाही, आवाज जाणवत नाही आणि मंद वाऱ्यातही तो फिरतो; वस्तू म्हणून ती उत्तम आहे. मात्र ती ज्या पद्धतीने बसवून दिली जाते, त्याविषयी माझी गंभीर तक्रार आहे.

हे पाणी मुख्यतः घरातलेच असते. २० अंश तापमानाच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागते तो, सुमारे १२ अंश असतो; स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील अशी हवा छताच्या फटींतून वर चढून ५ अंशांवर उतरलेल्या पत्र्याला लागली, की तिच्यातील वाफेचे पाणी होते. व्हेंटिलेटर वरून हवा बाहेर ओढतो खरा, पण वळचणीकडून तेवढीच हवा आत येण्यास वाट नसेल, तर तो खोल्यांतील दमट हवाच त्या फटींतून खेचतो आणि ओल उलट वाढू शकते. अमेरिकेतील घरबांधणीच्या नमुना नियमांत पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या १५०व्या भागाइतके मोकळे झरोके सांगितले आहेत, काही अटी पाळल्यास ३००वा भागही चालतो, आणि त्यांतील निम्मे तरी खाली असावेत अशी अपेक्षा असते. आमच्या ४५० चौरस फुटांना ३ चौरस फूट पुरतात; २४ इंची व्हेंटिलेटरचे तोंडच तेवढे भरते, म्हणजे प्रश्न खालच्या झरोक्यांचाच होता.

कारागिरांनी पत्रा नेटका कापला, सांधेही चोख भरले, परंतु वळचणीचा विषयही काढला नाही. वळचणीला जाळीचे झरोके पाडून, छताच्या फटी बुजवून आणि पोटमाळ्यात उघडणारा न्हाणीघराचा एक्झॉस्ट पाइपने थेट बाहेर काढल्यावरच ठिबकणे थांबले. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेहूनही गार होत असल्याने पहाटे थोडे दव अजून धरते; त्यासाठी पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवा, ते काम व्हेंटिलेटरचे नव्हे.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातही तो माळ्यावरची कोंडलेली गरम हवा बाहेर काढतो, म्हणून घ्यावा असेच मी म्हणेन. मात्र दर ठरवतानाच वळचणीचे झरोके त्यात धरले आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे.