खरचटलंय, स्पिरिट लावू की नुसतं पाणी?
भाचीचा मेसेज, मावशी गुडघा खरचटलाय, काय करू? जंतू मारण्यात स्पिरिट पुढे हे खरं, पण त्याला जंतू आणि आपल्या पेशी यातला फरक कळत नाही, नवी कातडी धरणाऱ्या पेशीपण मरतात, चुरचुरतं ते वेगळंच. वाहतं पाणी काही मारत नाही, माती आणि बरेचसे जंतू वाहून नेतं, उरलेल्यांसाठी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काही तासांतच तिथे पोचतात, जंतू अख्खा गिळतात आणि आतल्या आत मारतात, कडेची थोडी लाली, ऊब, सूज म्हणजे हेच काम चालू असतं! वेळ पाण्याला जास्त, चांगली ५ मिनिटं धुवायचं. साध्या खरचटण्याला पाणीच, कडेने साबण. स्पिरिट इंजेक्शनआधी न फुटलेल्या कातडीला ठीक. जखम खोल असेल, काही चावलं असेल किंवा लाली पसरत चालली असेल तर सरळ डॉक्टरकडे जा गं.