काच फोडणारं ब्रेसलेट: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

कंपनीचं शेवटचं उत्तर काल आलं. बकलचा सोनेरी मुलामा उडाला असेल तर बदलून देतो, दोरीची वीण सुटली तरी बदलून देतो, पण काच फोडायचं टोक बोथट झालं ही तक्रार वॉरंटीत बसत नाही, कारण वस्तू 'फॅशन ॲक्सेसरी' म्हणून विकलेली आहे. बिल काढून बघितलं. खरंच तसं आहे. एचएसएन कोड (जीएसटीच्या बिलावर वस्तूचा वर्ग सांगणारा आकडा) ७११७, म्हणजे इमिटेशन ज्वेलरी. जाहिरातीत मात्र पाण्यात गेलेल्या गाडीची काच फोडून बाहेर येणारी बाई दाखवली आहे. साडेआठशे रुपये मी त्या चित्राकडे बघून दिले होते, मुलाम्याकडे बघून नाही.

हे ब्रेसलेट कसं असतं ते बहुतेकांना माहीत असेल. पॅराशूटच्या दोरीची वीण, पुढे बकल, बकलच्या पोटात शिट्टी, ठिणग्या पाडायची कांडी, सीटबेल्ट कापायची लहान पाती आणि आतल्या अंगाला काच फोडायचं टोक. मी घेतलेलं जरा नाजूक, बायकांसाठी म्हणून केलेलं आहे. तपकिरी वीण आणि सोनेरी बकल. साडीवरही विचित्र दिसत नाही.

घेतलं का, हे कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावं लागू नये. माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत, फाउंड्रीच्या क्वालिटी विभागात. रोज पंचगंगा ओलांडायची. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा हायवे पाण्याखाली गेला. आणि जानेवारी २०१८ मध्ये शिवाजी पुलावरून मिनीबस नदीत कोसळली, ती रात्र या शहरात कोण विसरलंय? तेव्हापासून पुलावर गाडी गेली की माझा हात आपोआप सीटबेल्टच्या बटणावर जातो.

आधी जे चांगलं आहे ते. दोरीला नावं ठेवायला जागा नाही. ५५० या नावानं मिळणारी ही नायलॉनची दोरी ५५० पौंड, म्हणजे साधारण अडीचशे किलोपर्यंतचा ताण घेते असं तिचं प्रमाण आहे, आणि खऱ्या दोरीत आवरणाच्या आत सात पेड असतात. एक टोक उसवून बघितलं, सातच्या सात आहेत. भर पावसात भिजली, घामानं भरली, कपडे धुताना साबणात गेली. रंग जरा विटला, वीण होती तशीच आहे. ठिणग्यांची कांडी घरी गॅसचा लायटर बिघडला तेव्हा उपयोगी पडली. ठिणगी लखलखीत पडते आणि गॅस पहिल्या फटक्यात पेटतो. शिट्टी मला सुरुवातीला लहान मुलांचं खेळणं वाटली होती. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीला गेलो, धुक्यात पुढची माणसं दिसेनाशी झाली, तेव्हा मागं राहिलेल्या दोन मुली याच शिट्टीच्या आवाजावर आमच्यापर्यंत आल्या. डोंगरात मदतीची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग मिनिटभर थांबणं, हे त्या दिवशी आमच्या सगळ्या ग्रुपनं पाठ केलं. शिट्टीबद्दलचं माझं मत तिथं बदललं ते कायमचं.

पातीनंही चकित केलं. उचगावच्या एका भंगारवाल्याकडून मोडीत निघालेल्या गाडीचे सीटबेल्ट आणले. पट्टा ताणून धरला आणि पाती तिरकी लावून ओढली, तर पट्टा सर्रकन कापला. सैल पट्ट्यावर आणि काटकोनात लावलं की पाती अडकते. म्हणजे वापरायची रीत माहीत पाहिजे. अपघातात पट्टा बहुतेक वेळा अंगावर ताणलेलाच असतो, तेव्हा इथं मी पूर्ण गुण देते.

आता टोक.

गाडीच्या दाराला बहुतेक वेळा असते ती टफन्ड काच कशी फुटते हे आधी सांगते, त्याशिवाय माझा राग कळणार नाही. काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी आवळतो, आतला नंतर. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि पोट ताणाखाली. तळहातानं कितीही मारा, त्या दाबामुळे काच टिकते. पण एखाद्या अतिशय कठीण, बारीक टोकानं तो वरचा थर भेदला की आतला ताण मोकळा होतो आणि सगळी काच क्षणात दाण्यादाण्यांनी खाली येते. सगळा खेळ टोकाचा आहे. टोक काचेहून बरंच कठीण हवं. म्हणून चांगल्या वस्तूत टंगस्टन कार्बाइड वापरतात, म्हणजे लेथवर टिप म्हणून लावतात तेच.

माझ्या ब्रेसलेटच्या पाकिटावर कार्बाइडच लिहिलं आहे. भंगारवाल्याकडे दाराच्या काचा होत्या, गॉगल-हातमोजे घालून एका कोपऱ्यावर मारलं. काचेला काही झालं नाही. पुन्हा मारलं, अजून जोरात मारलं. काच तशीच, आणि टोक बघितलं तर चपटं झालेलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत टोकावर कानस फिरवली. खऱ्या कार्बाइडवर कानस घसरते, उलट कानशीचेच दात जातात. इथं मात्र कीस पडला, चकचकीत, मऊ. साधं एमएस! खिळा करतात ते लोखंड. वर काळा रंग दिलेला. ज्या एका गोष्टीवर माणसाचा जीव टांगलेला असतो, नेमकी तीच खोटी.

फोटो, कानशीचा व्हिडिओ, कीस कागदावर काढलेला, सगळं कस्टमर केअरला पाठवलं. तिकडची मुलगी नम्र होती, तिचा राग नाही. "मॅडम, तुम्ही प्रॉडक्ट चुकीच्या पद्धतीनं वापरलंय," म्हणाली. मी विचारलं, काच फोडायचं टोक काचेवर मारलं, यात चुकीची पद्धत कोणती? वरिष्ठांशी बोलते म्हणाली. वरिष्ठांनी मुलामा बदलून देण्याची तयारी दाखवली. मी लिहिलं, मुलामा उडालेलाच नाही. त्यावर नवं बकल पाठवून दिलं, तेही फुकट, त्यावरही तसंच काळं रंगवलेलं लोखंडी टोक. असाच पत्रव्यवहार हिवाळाभर चालला, कधी फोनवर, कधी मेलवर, आणि शेवटी ते ७११७ वालं उत्तर आलं.

पैसे गेल्याचं दुःख आहेच, साडेआठशे रुपये मी सहज उधळत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ही की हीच वस्तू घालून, निश्चिंत होऊन, कुणीतरी रोज नदी ओलांडत असेल. दागिना खोटा निघाला तर गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, जाऊन मोडता येतो. इथं खोटेपणा कळण्याची वेळ एकदाच येते आणि त्यानंतर तक्रार करायला माणूस उरत नाही.

कार्बाइड कोल्हापुरात दुर्मीळ नाही. उद्यमनगरात आमचं काम करणारे एक टर्नरदादा आहेत. त्यांना बकल दाखवलं. "ताई, ह्यानं पापड तरी फुटतोय का?" म्हणाले. मग मोडक्या टिपेचा तुकडा घेतला, डायमंड व्हीलवर घासून टोक काढलं, बारीक स्टडवर ब्रेझिंग केलं, म्हणजे पितळेसारख्या धातूनं डाग देऊन जोडलं, बकलला भोक पाडून आटे पाडले आणि आटे सुटू नयेत म्हणून थ्रेड लॉकर लावून बसवलं. पैसे घेत नव्हते, शंभर रुपये बळंच दिले. परत उचगावला गेलो. कोपऱ्यावर एकच फटका. काच अख्खी खाली! नाद खुळा. त्या क्षणी सहा महिन्यांचा राग निम्मा उतरला.

निम्माच, कारण त्यानंतर खरा विचार सुरू झाला. भंगाराच्या दुकानात मी उभी होते, हात मोकळा होता, ब्रेसलेट काढून मुठीत धरलेलं होतं. ते मनगटावर असताना टोक आतल्या बाजूला येतं आणि त्या हातानं काचेवर मारताच येत नाही. म्हणजे आधी बकल काढायचं, उलटं धरायचं, मग झुलवून मारायचं. गाडीत पाणी भरलेलं असताना झुलवलेल्या हाताचा जोर पाणीच खाऊन टाकतं. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सहा साधनं तपासली होती. त्यातल्या चारांनी टफन्ड काच फोडली आणि हातोडीसारख्यांपेक्षा स्प्रिंगवाली जास्त कामाची ठरली. स्प्रिंगचा पंच काचेला टेकवून नुसता दाबायचा असतो, हात उगारावा लागत नाही. लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली, मात्र सहांपैकी एकालाही फुटली नाही.

हे लॅमिनेटेडचं ध्यानात ठेवा. समोरची काच लॅमिनेटेडच असते, तिच्यावर वेळ घालवू नका. काही गाड्यांत बाजूच्या काचाही तशा येतात. काचेच्या कोपऱ्यात छाप असतो, तिथं टफन्ड किंवा टेम्पर्ड लिहिलंय की लॅमिनेटेड, ते आजच वाचून ठेवा. आणि काचांवर काळी फिल्म लावणाऱ्यांनो, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच ती बंद केली आहे. फिल्म असली की काच फुटूनही दाणे चिकटून राहतात आणि आतून लाथ मारून पाडावे लागतात.

लपवलेल्या साधनांचं एवढं आकर्षण कुठून आलं ते वाचत गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एमआय ९ या खात्यात क्रिस्टोफर क्लेटन हटन हे गृहस्थ हेच काम करायचे. शत्रूच्या मुलखात सापडलेल्या वैमानिकांसाठी रेशमी कापडावर छापलेले नकाशे, बटणात दडवलेलं होकायंत्र, आणि असे बूट की आतल्या लहान चाकूनं वरचा भाग कापला की साध्या माणसाचे जोडे दिसावेत. होकायंत्राची काही बटणं तर उलट्या आट्यांची होती. पहारेकरी नेहमीसारखं उघडायला गेला की ती आणखी घट्ट बसायची. टर्नरदादांना हे सांगितलं तर ते हातातलं काम ठेवून ऐकत बसले.

पण त्या माणसांना झडती घेणारा पहारेकरी होता. त्यांच्यासाठी लपवणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग होता. मला गाडीत कुणापासून काय लपवायचंय? कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीस्ब्रेख्ट यांनी माणसं बसवलेल्या गाड्या पाण्यात सोडून प्रयोग केले आहेत. त्यांचं सांगणं असं की हातात साधारण मिनिटभर असतं. त्यात क्रम ठरलेला: पट्टे सोडा, काच उघडा किंवा फोडा, आधी मुलांना काढा, मग स्वतः निघा. दार उघडायच्या नादी लागू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही. पॉवर विंडो आधी दाबून बघा, सुरुवातीला ती चालू शकते. या एका मिनिटात बकलच्या पोटातली पाती शोधायची, नखानं बाहेर ओढायची? आणि मी बेशुद्ध असले तर? माझ्या मनगटावर काय आहे हे मागच्या सीटवरच्या मुलीला माहीतच नसेल, तर माझा दागिना तिच्या काय कामाचा?

म्हणून घरात सगळ्यांना बसवून ब्रेसलेट उघडून दाखवलं. आईंनी स्वतः भंगारातला पट्टा कापून बघितला. पुढं गाडीसाठी स्प्रिंगचा पंच घेतला, भगव्या रंगाचा, अजिबात सुंदर नसलेला, पट्टा कापायची खाच असलेला. तो ड्रायव्हरच्या सीटजवळ, मागून मुलीचाही हात पोचेल असा घट्ट बसवलाय. डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकू नका, गाडी उलटली की तो कुठं जाईल सांगता येत नाही. ब्रेसलेटपेक्षा निम्म्या किमतीत आला. त्याचं टोक घेतानाच दुकानात बाटलीच्या काचेवर ओढून बघितलं. कार्बाइडनं खरोखरचा पांढरा ओरखडा उठतो, साधं लोखंड नुसतं घसरतं. दुकानदार कुरकुरला, पण त्यानं बाटली आणून दिली.

विमानानं जाणाऱ्यांसाठी एक सांगते. उजळाईवाडीला, कोल्हापूरच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीत पातीमुळे ब्रेसलेट अडवलं. पातीपुरतं बोलायचं तर चेक-इनच्या बॅगेत ती चालते, हातातल्या सामानात चालत नाही. आणि पाती आहे हे आपणच आधी सांगावं, बकल उघडून दाखवायची वेळ येऊ देऊ नये.

घ्यावं का? ट्रेकला जाणाऱ्यांनी दोरी आणि शिट्टीसाठी जरूर घ्यावं, साडेआठशेला मात्र नाही, चारशेच्या वर एक रुपया देऊ नका. गाडीसाठी म्हणून घेत असाल तर घेऊ नका. आधीच घेतलं असेल तर आज टोकावर कानस फिरवा. कीस पडला तर कंपनीला लिहा आणि माझ्यासारखा मुलामा बदलून घेऊ नका, पैसे परत मागा. मी ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पाकिटावरचं 'कार्बाइड' आणि बिलावरचं ७११७ ही तिन्ही कागदपत्रं सोबत ठेवली आहेत. काय होतं ते इथंच खाली लिहीन.