मुंबई–सिंगापूर थेट विमानसेवा: अंतर, वेळ आणि अर्धवट झोप

मुंबई आणि सिंगापूर या दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ३,९२० किलोमीटर आहे. त्याला जेट विमानाच्या नेहमीच्या वेगाने भागले, तर साडेचार तासांच्या आसपास उत्तर येते. तिकिटावर मात्र साधारण साडेपाच तास छापलेले असतात. ही वेळ कंपनीने उगाच फुगवलेली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा वेळ तीत धरलेला असतो आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे येथे उड्डाणासाठी रांगेत थांबावे लागणे नेहमीचेच आहे. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे जाताना विमानाला पुढे रेटतात, तर पावसाळ्यात दक्षिण भारतावरील जोरदार पूर्वेकडील वारे समोरून येतात.

मी जाताना रात्रीचे विमान घेतले होते. साडेअकराच्या सुमारास निघून सकाळी साडेसातला पोहोचणार, असे वाचल्यावर आठ तासांची झोप मिळेल असे कोणालाही वाटेल. परंतु त्यांतले अडीच तास दोन देशांच्या घड्याळांमधील फरकाचे आहेत. उरलेल्या वेळातही उड्डाणानंतर तासाभराने जेवणाची ट्रॉली आली आणि रिकामे ट्रे उचलून होईपर्यंत दिवे विझले नाहीत. रात्री पाऊण वाजता पनीर मखनी किती जणांना हवी असते, हे कंपनीने एकदा प्रवाशांना विचारून पाहायला हरकत नाही. उतरण्याच्या पाऊण तास आधी पुन्हा दिवे लागले, खुर्च्या सरळ करायला लावल्या आणि झोप जेमतेम तीन तासांची झाली. सिंगापूरने १९८२ पासून आपले घड्याळ ग्रिनिचपेक्षा आठ तास पुढे ठेवल्यामुळे तेथे सूर्योदय वर्षभर सातच्या आसपास होतो. त्यामुळे आपण उतरतो तेव्हा तेथे नुकतेच उजाडलेले असते आणि शरीराच्या लेखी मात्र पहाटेचे पाचच वाजलेले असतात. हॉटेलची खोली दुपारपर्यंत ताब्यात मिळत नाही, ही आणखी एक अडचण.

परतीचा प्रवास याउलट फारच सुखाचा वाटला. संध्याकाळी सातला निघालेले विमान रात्री दहाच्या सुमारास मुंबईत उतरले, जेवण जेवणाच्या वेळी मिळाले आणि घरी जाऊन स्वतःच्या अंथरुणात झोपता आले.

सोबत ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले असतील, तर जातानाही दिवसाचे विमान शोधावे आणि त्यासाठी थोडे अधिक भाडे द्यावे लागले तरी द्यावे, असे मी सुचवेन. क्वालालंपूरमार्गे जाणारी तिकिटे कधीकधी स्वस्त पडतात. परंतु ते शहर सिंगापूरपासून जेमतेम तीनशे किलोमीटरवर असल्यामुळे, जवळजवळ सगळे अंतर कापून झाल्यावर त्या शेवटच्या टप्प्यासाठी तीन-चार तास ताटकळायचे असेल, तर बचत तशीच भरघोस असायला हवी.