जॅक्सन हाइट्स की फ्लशिंग?

न्यूयॉर्कची वस्ती कशी पालटत गेली हे बघायचं तर ७ नंबरची ट्रेन पकडून शहराचा क्वीन्स हा भाग गाठा. इथले जवळपास निम्मे लोक परदेशात जन्मलेले. कुठल्या देशातून किती लोकांना येऊ द्यायचं हे ठरवणारा १९२४ चा कोटा अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने मोडीत काढला, त्याचा हा परिणाम. प्रश्न एवढाच, उतरायचं कुठे?

जॅक्सन हाइट्सला स्थलांतराचे थरच्या थर दिसतात. डोक्यावरून ट्रेन धडधडत जाते, खाली रूझवेल्ट अव्हेन्यूवर कोलंबिया-इक्वाडोरच्या लोकांची स्पॅनिश. एक वळण घेतलं की ७४ वा रस्ता: साड्या, सोनं, कढीपत्ता. याच भागात एके काळी ज्यू आणि कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे! आता ‘लिटल इंडिया’ म्हणतात खरं, पण बंगाली पाट्या जागोजागी आणि मोमोंचा वास नेपाळी-तिबेटी.

फ्लशिंग शेवटचं स्टेशन. मेन स्ट्रीटवर चिनी पाट्या, पुढे कोरियन. सरमिसळ त्या मानाने कमी. पण बाउन स्ट्रीटवर १९७७ पासून गणपतीचं देऊळ आहे, आणि खाली कँटीनमध्ये डोसा.

एकच दुपार हाताशी असेल तर मी जॅक्सन हाइट्स सांगेन. सडकून भूक लागली असेल, तर मात्र शेवटपर्यंत बसून राहा.