थरच्या वाळवंटातला सरडा: नमुना आणायचा की नोंद करून सोडायचा?

जैसलमेरच्या वाळूत पहिल्यांदा सर्वेक्षणाला निघताना हे आधी ठरवा. परवानग्या, सामान, दिवस, सगळं त्यावर अवलंबून आहे.

अख्ख्या नमुन्याची, म्हणजे मारून जतन केलेल्या प्राण्याची, सर दुसऱ्या कशालाच नाही. खवले पुन्हा मोजता येतात, पोटात काय होतं ते पाहता येतं, आज न सुचलेला प्रश्न पुढचा अभ्यासक त्याच बाटलीला विचारू शकतो. लोंगेवालाच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या सरड्याला १९७८ साली फ्रायनोसेफॅलस वंशात शास्त्रीय नाव मिळालं (आता तो बुफोनिसेप्स वंशात धरतात), ते नमुन्यांच्या आधारावरच. पण काम किचकट. आधी यकृताचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मेलिन (शरीर टिकवणारं रसायन) डीएनए खराब करतं. मग शरीर १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. पायाला दोऱ्याने चिठ्ठी: क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, जमीन कशी होती. चिठ्ठी नसेल तर त्या जिवाचा बळी फुकट गेला. शिवाय मेलेला सरडा उन्हात बघता बघता कुजतो, त्यामुळे दिवसभराची भटकंती संपवून रात्री टेबलाशी बसावंच लागतं.

सोडून देण्याच्या पद्धतीत फोटो, मोजमापं आणि तोंडातला स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेली लाळ) एवढंच लागतं. डीएनएसाठी शेपटीचं टोक कापून घेणं निरुपद्रवी, असं सरसकट समजू नका. पालीची शेपूट परत वाढते, लोंगेवालाच्या या सरड्याची तशी वाढत नाही. सांड्याची (काटेरी शेपटीच्या वाळवंटी सरड्याची) शेपूट तर त्याचा चरबीचा साठा. तिथे स्वॅबच घ्या.

कायदा दोन्हीकडे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवानगीशिवाय सांडा किंवा घोरपड हातात धरणंही महागात पडतं. सीमेलगत फिरायचं तर त्याची परवानगी वेगळी.

फुरशाबाबत मात्र दोन्ही पद्धती सारख्याच जोखमीच्या. राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावर आपलं प्रतिविष अपुरं पडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. काठी, उंच बूट आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा रस्ता आधी पाठ हवा.

माझं मत स्पष्ट आहे. ओळखीच्या प्रजातींची गणना किंवा वावर पाहायचा असेल तर एकही प्राणी मारू नका. ओळखच पटत नसेल, तर मोजके नमुने घ्या, तेही संग्रहालयाशी आधी बोलून. जोधपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं वाळवंट केंद्र आहे, मुंबईत बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा) संग्रह आहे. नमुना कोण ठेवून घेणार हे ठरल्याशिवाय फॉर्मेलिनची बाटली पिशवीत टाकू नका.