सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री, मिनियापोलिस: पोस्टरवर तिसरं नाव होतं तिनंच शो मारला

फर्स्ट अ‍ॅव्हेन्यू माहितीच असेल, डाउनटाउनमधली ती काळी गोलसर बिल्डिंग, बाहेर भिंतभर कलाकारांच्या नावांचे स्टार्स आणि त्यात इथलाच पॉपस्टार प्रिन्सचा सोनेरी. आधी ग्रेहाउंडचा बस डेपो होता, 1970 पासून म्युझिक क्लब. तिलाच लागून एक छोटा हॉल आहे, सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री, 1980 ला सुरू झालेला, 250 माणसं आली की फुल. मेन रूममध्ये दीड हजारावर मावतात. तर माझं मत असं की नवीन रॅपर बघायची तर ह्या छोट्या हॉलमध्येच बघावी, नंतर मोठ्या स्टेजवर गेली की मजा असते पण ती वेगळी.

मी गेलो होतो हेडलाइनरसाठी. पण पोस्टरवर सगळ्यात खाली बारीक अक्षरात जिचं नाव होतं ती इथलीच नॉर्थ साइडची पोरगी आधी आली, सोबत फक्त एक डीजे आणि लॅपटॉप, हाईप मॅन (बाजूला उभा राहून ओरडून जोर चढवणारा) वगैरे काही नाही, समोर तीसेक लोक आणि त्यातले अर्धे बारपाशी.

आणि काय सुटलीये राव! हल्ली बरेच जण स्वतःचं रेकॉर्ड केलेलं व्होकल मागं लावतात आणि मधले मधले शब्द फक्त ओरडतात, श्वास घ्यायचं टेन्शनच नाही. हिनं नुसती बीट लावलेली, सगळे बार्स, म्हणजे रॅपच्या ओळी, स्वतः, आणि एवढ्या जवळनं दिसतं ना की ती ओळ संपायच्या आधी माइक किंचित बाजूला घेऊन पटकन श्वास ओढते आणि पुढचा शब्द बरोबर किकवर (ड्रमच्या ठोक्यावर) टाकते. दुसऱ्या गाण्यात तिनं डीजेला हातानंच थांबवलं, बीट बंद, आणि नाइट शिफ्ट संपवून मायनस वीसमध्ये बसची वाट बघण्यावरचा अख्खा व्हर्स तसाच कोरडा म्हटला (मायनस वीस फॅरनहाइट हो, इथल्यांना सांगायला नको). बारवाले लोक ग्लास घेऊन पुढं आले. बीट परत पडली तेव्हा बेस छातीत बसला अक्षरशः.

एक तक्रार आहे ती म्हणजे गाण्यांच्या मध्ये जरा जास्त बोलते, थँक्यू थँक्यू चाललेलं असतं, त्या वेळेत अजून एक गाणं झालं असतं. कॉल अँड रिस्पॉन्स (तिनं ओरडायचं, लोकांनी उत्तर द्यायचं) पण अजून कच्चा आहे, तीस लोकांकडनं ओरडून घेणं सोपं नाही म्हणा.

ट्विन सिटीजचं (मिनियापोलिस आणि शेजारचं सेंट पॉल) हिप-हॉप म्हटलं की लोक लगेच राइमसेयर्स आणि अ‍ॅटमॉस्फिअर (पहिलं इथलं हिप-हॉप लेबल, दुसरा त्याच लेबलचा रॅप ग्रुप) म्हणतात, बायकांची नावं मागनं येतात. डूमट्री ह्या इथल्या रॅप ग्रुपमध्ये डेसा एकटीच बाई होती. गायिका-रॅपर लिझो पण 2011 ला इथंच राहायला आली, तिचा पहिला अल्बम 2013 चा, जग तिला ओळखायला लागलं त्याच्या कितीतरी आधीचा. आणि बाहेर तरी काय, 2025 ला रॅपर डोइचीला बेस्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं तेव्हा तिच्याआधी त्या कॅटेगरीत जिंकलेल्या बायका दोनच, लॉरिन हिल, तीही फ्यूजीज ह्या तिच्या ग्रुपबरोबर, आणि कार्डी बी. त्यामुळं बारीक अक्षरातली नावं जरा वाचत जा.

हेडलाइनर? ठीक होता. मागं टेपवर स्वतःचाच आवाज, पुढं उड्या. चार गाण्यांनंतर मी मर्चच्या टेबलापाशी गेलो तर ती पोरगी स्वतःच टी-शर्ट विकत बसलेली, एल साइज संपलेला, एम घेतला, पोट आत ओढून घालतोय.

जायचं असेल तर इअरप्लग न्या, स्पीकर खूप जवळ आहेत. गाडी नेऊ नका, इव्हेंटच्या रात्री पार्किंगवाले काहीही रेट लावतात, लाइट रेलचं वेअरहाउस डिस्ट्रिक्ट स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे. आणि दरवाजे उघडतात तेव्हाच आत शिरा, हेडलाइनरच्या वेळेला नाही.