रिमोटच्या गाडीवरचा कॅमेरा : वाय-फाय की ५.८ गिगाहर्ट्झ अ‍ॅनालॉग?

वाय-फाय कॅमेऱ्याचे चित्र थेट मोबाइलवर दिसते, वेगळा पडदा घ्यावा लागत नाही आणि चित्रही स्वच्छ असते. त्यामुळे नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानात तोच पहिल्यांदा हातात येतो. मात्र चित्र पोहोचायला साधारण २०० मिलिसेकंद लागले, तरी ताशी २० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात एक मीटरहून अधिक पुढे गेलेली असते, म्हणजे दगड दिसेपर्यंत बंपर त्यावर आदळलेला असतो. शिवाय वाय-फाय आणि रिमोट दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर असतील, तर एकमेकांना अडथळा होऊ शकतो.

अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचे चित्र धूसर असते, त्याला चित्र पकडणारा निराळा रिसीव्हर लागतो; पण उशीर इतका कमी, की चालवणाऱ्याला तो जाणवत नाही. धावण्यासाठी मी हाच निवडीन. वाय-फाय घरातल्या सोफ्याखाली डोकावायला ठीक.

अ‍ॅनालॉगमध्ये सुधारणेला वावही बराच आहे. माझ्या गाडीत थ्रॉटल (वेग वाढवणारी कळ) दाबताच चित्रावर आडव्या रेघा येत. ब्रशच्या मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाख देऊन जोडला आणि कॅमेऱ्याला स्वतंत्र बॅटरी दिली, तेव्हा त्या जवळजवळ नाहीशा झाल्या. अँटेना जमिनीलगत न ठेवता प्लॅस्टिकच्या नळीवर उभी करावी. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जात असताना, बंद टपाखालचा, चित्र पाठवणारा ट्रान्समीटर उभ्या गाडीत भाजून निघतो. टपाला समोरून आणि मागून भोके पाडावीत, आणि गाडी थांबताच ट्रान्समीटरचा वीजपुरवठा तोडावा.